पिवळ्या पट्ट्यातले चाचा

चाचांचा आवाज कधी चढला नाही. आमच्या रस्त्यावर ‘गाडी जरा बाजूला घे’ एवढं सांगायलासुद्धा माणसाला आईबहिणीवर यावं लागतं. तिथं हा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या नुसता हात वर करायचा आणि भलामोठा ट्रक मुकाट मागं सरकायचा. मी घसा फोडून ओरडलो तर तोच ड्रायव्हर काच वर करून गाणी लावायचा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, पण आधी एवढं कबूल करतो की शेजारी होतो ती सगळी वर्षं मी चाचांवर जळलो.

आमची दुकानं भिंतीला भिंत लावून. त्यांचं ग्रे, म्हणजे न धुतलेल्या, न रंगवलेल्या कापडाचं. लूमवरून उतरलेले तागे विकत घ्यायचे आणि बाहेरगावी धाडायचे. आजोबांपासूनचा धंदा, खाडीकाठची माणसं, व्यापारात मुरलेली. आम्ही काल्हेरचे. शेतावर गोडाऊन उभं राहिलं तेव्हा मी भिवंडीत येऊन टाइल्स आणि नळ-बेसिनचं दुकान टाकलं. पहिली गाडी आली त्या दिवशी माझे हमाल आलेच नाहीत. चाचांनी न विचारता आपली माणसं दिली आणि फरशी उतरवून घेतली. मला वाटलं, आला मोठा शहाणा, पहिल्याच दिवशी उपकार दाखवतोय.

दोघांच्या दारापुढं मिळून जागा एकाच ट्रकची. गाडी नसली की चाचा तिथं खुर्ची टाकून बसायचे, म्हणजे दुसरं कुणी घुसायचं नाही. गाडी लागली की ड्रायव्हरला आधी पाणी, मग चहा, मग घरची चौकशी, आणि मालाची गोष्ट सगळ्यात शेवटी. मला म्हणायचे, “पाटील, गाडी दामटून नाय लागत. ड्रायव्हरचा जीव थंड झाला की आपसूक लागते.” हेही मी करून पाहिलं. एका ड्रायव्हरला स्पेशल चहा पाजला. तो फुर्रर्र करून प्यायला, कप ठेवला आणि विचारलं, “चाचा किधर हैं?”

घरी येऊन मी बायकोला हे सगळं सांगायचो. ती म्हणायची, त्या माणसाकडं बघून बघून तुम्ही पार आंबून गेलात. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा तेव्हा ती मुद्दाम माझ्यासमोर दोन वाट्या खायची आणि वर म्हणायची, चव माणसाच्या हाताला असते हो. शीरखुर्मा चाचा स्वतः करत नव्हते, तरी कौतुक त्यांचंच.

मग पालिकेचा नियम आला. दुकानापुढं माल उतरवायचा तर परवानगी काढा. ज्याला मिळेल त्याच्या दारात पिवळा पट्टा आखून पाटी लावणार, बाकीच्यांच्या गाड्या उचलून नेणार. जागा एक म्हणजे परवानगीही एकालाच, असं ऑफिसात स्पष्ट सांगितलं. ताग्यांचं गाठोडं हातगाडीवर लांबून आणता येतं. फरशीच्या पेट्या त्या रस्त्यावरून हातगाडीनं आणल्या तर दुकानात नुसते तुकडे पोचतील. जागा गेली की माझं शटर कायमचं खाली, सरळ हिशेब. चाचा स्वतः येऊन सांगून गेले की मी अर्ज केलाय, तुम्हीही करा. माझा अर्ज आधीच ऑफिसात जाऊन पडला होता. मी मान डोलावली.

पाहणीला साहेब येणार होते. मी विचार केला, ज्याच्या दारात गाड्या दिसतील त्याची गरज मोठी. काल्हेरला चुलतभावाला फोन केला आणि म्हटलं, दोन टेम्पो पाठव, रिकामे असले तरी चालतील. पण आमच्या भावकीत हाक मारली की माणूस मोजून येत नाही. हळदीला निघावं तशी सगळी निघाली. टेम्पो आले, पिकअप आल्या, कशेळीच्या मेव्हण्यानं पाण्याचा टँकर आणला. एकानं तर आणखी गाड्या वाटेत आहेत म्हणून अभिमानानं सांगितलं. रस्ता नाक्यापर्यंत तुंबला. साहेबांची जीपच त्यात अडकली आणि ते घाम पुसत पायी आले. आले ते चिडूनच. म्हणाले, इथं कुणालाच परवानगी नको, इथं गाडी थांबवायलाच बंदी घालतो. चुलतभाऊ माझ्या कानाशी लागून विचारत होता, “दादा, अजून कुणाला बोलवू काय?”

चाचा उठले. एकेका टेम्पोपाशी गेले, खिडकीवर हात ठेवून काहीतरी बोलले, आणि माझ्या हाकेला आलेली माझी भावकी त्यांच्या शब्दावर निघून गेली. टँकरसुद्धा गेला. रस्ता मोकळा झाल्यावर ते साहेबांसमोर येऊन उभे राहिले.

“साहेब, ह्या रोजच्या गाड्या नाय. पाटलांचे पाहुणे आलेत. रोज इथं एकच गाडी असते, कधी त्यांची, कधी माझी. जागा एक द्या, पण दोघांच्या नावानं द्या. सकाळ पाटलांची, दुपारनंतर माझी.”

साहेबांनी थोडे आढेवेढे घेतले, पण शेवटी तसंच झालं. पट्टा आखला, पाटीवर दोघांची नावं आणि दोघांच्या वेळा लागल्या. सकाळची वेळ म्हणजे सोनं. रस्ता रिकामा, हमाल ताजे, ऊन नाही. दुपारनंतर तिथं मुंगीला वाट मिळत नाही. मी चाचांना विचारलं की सकाळ मला का दिली. ते म्हणाले, “तुमचा माल फुटतो. माझा नाय फुटत.” बस्स, एवढंच. बाजारभर त्यांच्या दिलदारीची चर्चा झाली आणि माझं नाव पडलं ‘टँकरवाले पाटील’. सकाळ मला मिळाली, पण मान त्यांना. सांगा, जळू नको तर काय करू?

गेल्या वर्षी चाचा आजारी पडले, आणि थोड्याच महिन्यांत गेले. जनाजा निघाला तेव्हा कुठून कुठून ड्रायव्हर आले होते. गाड्या लांब रांगेत एका कडेला लावलेल्या, एकाचाही हॉर्न नाही, पोलिसाला काही करावं लागलं नाही. पुढं खांद्याला माझा तोच चुलतभाऊ, आणि मी मागं ढकललेला. वळणावर कुणीतरी सरकलं तेव्हा मला खांदा द्यायला मिळाला. मी रडलो, अगदी लहान पोरासारखा रडलो. आणि रडता रडता मनात आलं, आपल्या वेळी ह्यातले निम्मे तरी येतील का?

परवानगीचं नूतनीकरण जवळ आलं होतं. त्यांचं दुकान बंद, तेव्हा पूर्ण दिवस माझ्या एकट्याच्या नावावर करता येईल, असं ऑफिसात कळलं. तेवढ्यात त्यांची भाची नसीम आली. त्याच दुकानात ती पडदे-चादरींचं काम सुरू करणार होती. राहायची खारबावला. पोरं दुपारी शाळेतून येतात, म्हणून माल सकाळीच उतरवून घ्यावा लागेल, असं ती म्हणाली. तिनं मागितलं काहीच नाही, नुसतं अडचण सांगून गेली.

मी दोन दिवस हमालांवर खेकसत फिरलो. सकाळ गेली तर माझी फरशी भर गर्दीत उतरवावी लागणार, पेट्या फुटणार, हे मला दिसत होतं. तिसऱ्या दिवशी तिच्या उंबऱ्यावर गेलो आणि म्हटलं, “ताई, सकाळ तुम्ही घ्या. मी दुपारनंतर बघतो.” बोलून थोडा थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा दिलदार झालो होतो. तिचे डोळे भरून येतील, ती चार शब्द बोलेल, असं वाटलं होतं.

नसीम पडद्याची घडी घालत शांतपणे म्हणाली, “मामू बोलले होते. पाटील दोन दिवस कुरकुरतील, मग स्वतः येऊन सकाळ देतील.”

आता दुपारच्या रेट्यात माझी गाडी लागते. आठवड्याला एखादी पेटी फुटते. आणि बाजारात कुणालाही विचारा, नसीमला सकाळची वेळ कुणी दिली. सगळे सांगतात, चाचांनी.