पडून उठलेला गडी

कराडजवळच्या साखर कारखान्यात उदयसिंह वजनकाट्यावर बसायचा आणि सुट्टीच्या दिवशी गावोगावी कबड्डीचा पंच म्हणून उभा राहायचा. निकाल चोख द्यायचा, तरी मंडळांना तो फारसा आवडत नसे. गडी डोक्यावर पडला की हा शिट्टी मारून खेळ थांबवायचा आणि त्याला पुन्हा आत सोडायचा नाही. पडून राहिलेल्या गड्याची त्याला काळजी नसे. त्याला चार हात उचलून नेतातच. त्याला भय वाटायचं ते हसत उठणाऱ्याचं.

मल्हार तसाच उठला होता.

जतकडचा, मेंढरामागं वाढलेला, अंगानं वाळका. पण चढाईला आला की समोरचे सातही जण मागं सरकायचे. उदयसिंह तेव्हा पंच नव्हता, स्वतः खेळायचा; सांगलीच्या स्पर्धेत त्यानं मल्हारचा घोटा धरला. पकड नियमातलीच होती. मल्हार उलटा गेला आणि त्याचं कानशील कडक मातीवर आदळलं. क्षणभर त्याचे डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते. मग तो उठला, माती झटकली आणि म्हणाला, "लय भारी धरलास की रं."

टाळ्या पडल्या. तो पुढंही खेळला. सामना संपल्यावर डोकं दुखतंय म्हणाला, लिंबाच्या झाडाखाली ओकला. ऊन लागलं असंल म्हणून कुणी सरबत दिलं. परतीच्या टेंपोत त्याला झोप लागली, आणि दमलाय, झोपू दे, असं सगळ्यांनाच वाटलं. कवठेमहांकाळच्या पुढं त्याला हलवून उठवू लागले, तेव्हा तो उठला नाही.

मल्हार गेल्याचं उदयसिंहाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जातं, तोवर माणूस बोलतो-चालतो, असं एका डॉक्टरांनी त्याला समजावलं. तुझा काय दोष, असं सगळेच म्हणाले. खरंच होतं ते, पण त्याचा उपयोग नव्हता. त्यानं खेळणं सोडलं, पंच झाला; मल्हारनं त्याला सोडलं नाही. काट्यावर उसाची गाडी चढायची, ड्रायव्हर उतरून पँटीची धूळ झटकायचा, आणि उदयसिंहाचा हात जागीच थांबायचा. जेवता जेवता तो मधेच दाराकडं बघत राहायचा. बायको, शिवांजली, आधी विचारायची, कोण आलंय. पुढं तिनं विचारणं सोडलं.

पंच झाल्यावर कैक वर्षांनी मिरजेच्या पूर्वेला एका गावच्या जत्रेत सामना होता. शिवतेज नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या गड्याच्या कपाळाजवळ दुसऱ्याचा गुडघा बसला. तो कोसळला, उठला, लोकांकडं बघून त्यानं हात उंचावला. उदयसिंहानं शिट्टी मारली.

मंडळाचा अध्यक्ष नाथाजी धावत आला. "आवं, उभा हाय की त्यो. कशाला थांबवताय?"

उदयसिंहानं शिवतेजला गुण विचारले, गावाचं नाव विचारलं. पोरानं सगळं बरोबर सांगितलं.

"तरी आज न्हाई खेळायचा," उदयसिंह म्हणाला. दुसऱ्या पंचाकडं शिट्टी देऊन तो शिवतेजजवळ मांडवात बसला. माणसं पाठीमागं बोलत होती ते त्याला ऐकू येत होतं. आणि त्याला स्वतःचीही खात्री नव्हती. आपण ह्या पोराला बघतोय, का त्या दुसऱ्याला? भय आपलं, का दुखणं ह्याचं?

"सामना सुरू झाला का?" शिवतेजनं विचारलं. सामना त्याच्यासमोरच चालला होता.

"झाला."

जरा वेळानं त्यानं तेच पुन्हा विचारलं. डोकं आता जास्त ठणकतंय म्हणाला, आणि खुर्चीवरून वाकून ओकला. मग परत ओकला.

नाथाजी म्हणाला, "सकाळधरनं उपाशी हाय. पित्त आसंल. जरा आडवा होऊ दे, बरं वाटंल."

उदयसिंह उठून उभा राहिला. भय कुणाचं, हा प्रश्न संपला होता. "पित्त आसंल तर लय चांगलं. सांगलीच्या दवाखान्यात जाऊन पित्तच निघू दे. पण डोक्याला मार लागून उलट्या व्हायल्यात, बोलण्यात घोळ हाय. आता वाट बघायची न्हाई."

त्यानं एकशेआठला फोन लावला. गाडी आली तेव्हा शिवतेज पेंगत होता. मिरज ओलांडेपर्यंत त्याचा डावा हात उचलेना. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, आणि लगेच ऑपरेशनला आत नेलं.

नाथाजी बाहेर पायरीवर बसून होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला आत सोडणार व्हतो."

उदयसिंह त्याच्या शेजारी पायरीवर टेकला.

शिवतेज जगला. कबड्डी सुटली, डाव्या हातानं शर्टाची गुंडी लावता यायला बरेच महिने गेले, पण जगला. आता तरी मल्हार जाईल असं उदयसिंहाला वाटलं होतं. ऑपरेशननंतर तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर आला, तर मल्हार रिक्षाच्या रांगेपाशी उभा. उदयसिंहानं कराडची गाडी धरली नाही, जतची धरली.

मल्हारची आई, हरणाबाई, ज्वारीच्या रानाकडेच्या घरात राहायची. उदयसिंहानं नाव सांगितलं. पुढचं सांगावं लागलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "घोटा तू धरला व्हतास. बस."

तिनं पाणी दिलं. तो ते हातात धरून बसला. ती म्हणाली, "एक सांग. लय दुखलं का रं त्याला?"

"मला ठावं न्हाई, मावशी," तो म्हणाला. "मी टेंपोत नव्हतो तवा."

"बाकी समदे न्हाई दुखलं म्हणत्यात," ती म्हणाली. "कुनालाच ठावं नसतंय."

उदयसिंहानं हातातलं पाणी पिऊन टाकलं. मग रस्त्याला पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला. हरणाबाई घागर उचलून उठली. उदयसिंहानं दारातलं प्लास्टिकचं पिंप उचललं आणि तिच्या मागोमाग रांगेत जाऊन उभा राहिला.