चालू हालतीत

काकाच्या जीपमध्ये धूर बाहेर कमी आणि आत जास्त यायचा. सायलेन्सर फुटलेला, पायाखालचा पत्रा गंजलेला. भोकरदन ते जालना लाइनची ही काळी-पिवळी. मागच्या बाकावरच्या बाया केदारखेडा यायच्या आतच पदर नाकाला लावायच्या. काका आरशातून बघून म्हणायचा, "काय बाई, नवऱ्या मुली घेऊन निघालो का मी? समद्या घुंगटात!" बाया हसायच्या आणि हसता हसता खोकायच्या. मला हसू यायचं नाही. मी धुराच्या विरोधात पत्रकं वाटत गावोगाव फिरते. घरात माझं नावच पडलं होतं, धूरवाली.

मागच्या हिवाळ्यात जालन्याच्या डॉक्टरांनी काकाच्या छातीचा एक्स-रे उजेडाला धरला. मग म्हणाले, "गाडी चालवा, पण ही नको. या धुरात आणखी बसलात तर मी काही करू शकणार नाही."

बाहेर आल्यावर काकीनं माझं मनगट धरलं. "तुह्या पत्रकात काही असंल ना गं माय?"

होतं. सरकारची योजना आली होती. जुनी डिझेल गाडी भंगार केंद्रात मोडायला द्यायची आणि बदल्यात बिनधुराची नवी गाडी घ्यायला सरकारी मदत मिळवायची. अट एकच, दिलेली गाडी चालू हालतीत पाहिजे. हेतू सरळ होता. रस्त्यावर धूर ओकणारी गाडी रस्त्यावरून जावी. हा हेतू मुंबईत बसून लिहिणाऱ्याला कळला असेल. आमच्या तालुक्यानं फक्त 'चालू' हा शब्द वाचला.

आणि मेलेल्या गाड्या उठायला लागल्या. बांधावर, गोठ्यामागं, बाभळीखाली वर्षानुवर्षं रुतून बसलेल्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्स. मेकॅनिकला हात धुवायला फुरसत नव्हती. संध्याकाळी शिवारातून इंजिनांची घरघर ऐकू यायची. एक धडपडून बंद पडायचं की दूर कुठं दुसरं सुरू व्हायचं. मग पिकावर काळा थर लोंबकळत राहायचा, वाराही त्याला हलवायचा नाही. धूर कमी करायच्या योजनेनं आमच्याकडं जो धूर केला, तसा मी जन्मात पाहिला नव्हता.

काका एक दिवस पिंपळगाव रेणुकाईला सासरवाडीत गेला आणि दोरखंडानं एक जीप ओढत घेऊन आला. मेव्हण्याच्या शेतात पडलेली. तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या.

"काका, ही कशाला?"

"हीच देऊ सरकारला."

"अन् आपली?"

"आपली चालून राह्यली की! चालती गाडी कोन मोडतं गं? येडी का खुळी?"

"डॉक्टर काय बोलले, विसरलात?"

"डॉक्टरला काय लाइन चालवायची हाय?"

मी भांडले. पत्रकातली वाक्यं तोंडपाठ होती, ती सगळी त्याच्यावर फेकली. त्यानं शांतपणे बॅटरी जोडली.

भंगार केंद्रातल्या तपासणीला मी मुद्दाम सोबत गेले. साहेब म्हणाले, "चालू करा." काकानं चावी फिरवली. ती जीप आधी खोकली, मग गुरगुरली आणि सगळं आवार काळं झालं. साहेब तोंडाला रुमाल लावून मागं सरकले. "बस बस! आहे चालू!"

मी पुढं झाले. "साहेब, ही गाडी रस्त्यावर नव्हतीच. कोंबड्यांचं खुराडं होतं हे."

"मॅडम, नियमात चालू लिहिलंय. चालू आहे. आधी चालत होती का, असं कुठं लिहिलंय?"

"मग धूर कमी कसा होणार?"

त्यांनी कागदावर शिक्का मारला. काका दातओठ खात पुटपुटला, "घरची हाय का दुश्मनाची?" आमच्यामागं अशाच उठवलेल्या गाड्यांची रांग घरघरत उभी होती.

नवी गाडी आली. काकीनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मला जवळ घेऊन म्हणाली, "आता तेवढा खोकला गेला की झालं." तिला वाटलं, नवीवर काका बसणार. दुसऱ्याच दिवशी काकानं नव्या गाडीची चावी आपल्या पोराच्या हातात दिली.

"तुम्ही नवीवर बसा, जुनी त्याला द्या," मी म्हणाले. म्हणजे धुरात कोण मरणार तेवढंच बदलत होतं, हे बोलता बोलता मलाच कळलं.

"जुनीचा दुसरा गिअर त्याला बिलकुल लागत न्हाई," काका म्हणाला. "माह्या हाताचीच सवय हाय तिला. मंग? उभी ठिवू? पॅसेंजर दोन्हीला हाय."

लाइनवर आमची एक गाडी धुराची होती. आता धुराची एक, बिनधुराची एक. कागदावर मात्र एक जुनी डिझेल गाडी कमी झाली.

या हिवाळ्यात थंडी आहे म्हणून काका काचा वर करून चालवतो. परवा सकाळी स्टँडवर जीप भरलेली होती. इंजिन सुरू होतं, आतली हवा निळसर झाली होती. काका स्टिअरिंगवर वाकून खोकत होता. थांबतच नव्हता. पुढं काचेवर टेकवलेला हात घसरून खाली आला. मागच्या बाया पुढं वाकल्या. त्यातली एक म्हणाली, "दादा, उतरा घडीभर. पानी प्या."

"मागच्या गाडीचा नंबर लागलाय, बाई," काका कसाबसा म्हणाला. "जल्दी निघू द्या."

ओठ काळेनिळे पडले होते. मी ओरडले, चावी काढायला हात घातला. त्यानं तो हात बाजूला केला आणि गिअर टाकला. मी बायांना उतरा म्हणून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "हजेरी बुडती, पोरी." कोणी उतरलं नाही.

मग मी पुढं त्याच्या शेजारी दाटीनं बसले, हँडब्रेकवर हात ठेवून. सगळ्या काचा खाली केल्या. रस्ताभर मी रस्त्याकडं पाहिलं नाही, त्याच्याच तोंडाकडं पाहत राहिले.