न पाहिलेल्या घराची लायब्ररी

माझे यजमान एकाहत्तरच्या लढाईत गेले तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या दोन रजा, एवढाच आमचा संसार. पलटणीकडून त्यांची ट्रंक घरी आली, ते आले नाहीत. मी सांगलीत वाढलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. सासर कोरेगावजवळच्या खेड्यात. थोडा ऊस, म्हशी, आणि बहुतेक प्रत्येक घरातला एक माणूस फौजेत. सासरे स्वतः सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांना मी मामंजी म्हणायचे.

घरात मला कुणी वाईट वागवलं नाही. पण गेलेल्याचं नाव काढायचं नाही, असं न ठरवताच ठरून गेलं होतं. जेवताना बोलणं भाकरी-कालवणापुरतं. सासूबाई त्यांच्या वाटणीचं सगळं बहुधा म्हशींशी बोलायच्या. हळूहळू मीही बोलेनाशी झाले. दुकानातून शेंगदाणे बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा मी सरळ करून पुन्हा पुन्हा वाचत बसायचे. मामंजींनी ते पाहिलं असावं.

दुष्काळाचं साल होतं. दिवाळीनंतर मामंजी साताऱ्याला पेन्शन आणायला गेले, तिथं त्यांना त्यांच्या पलटणीतले एक जुने साहेब भेटले. महाबळेश्वरला एक म्हातारी इंग्रज बाई एकटीच राहते, तिची नजर अधू झाली आहे, तिला रोज इंग्रजी वाचून दाखवणारी कुणी बाई पाहिजे, असं ते म्हणाले. मामंजींनी घरी आल्या आल्या विषय काढला.

"आवं, तरणीताठी पोर. परक्याच्या घरात, त्यात मडमीच्या," सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्यात. हितं बसून ती मुकी व्हायला लागलीया." मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "जाशील का गं?"

"जाते," मी म्हणाले. बऱ्याच दिवसांत माझ्या तोंडून इतक्या चटकन शब्द निघाला नव्हता.

त्यांनीच मला नेऊन पोचवलं. बंगला बाजारपेठेपासून लांब, जांभळीच्या झाडीत. जांभ्या दगडाच्या भिंती, वर पत्रा. बाई व्हरांड्यात पुरुषी कोट घालून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, हाडकुळ्या, डोळे दुधाळ झालेले. त्यांनी मला इंग्रजीत चार ओळी वाचायला लावल्या, तीन ठिकाणी उच्चार सुधारले आणि इंग्रजीतच म्हणाल्या, "चालेल." मामंजींनी सवयीनं सॅल्यूट ठोकला. बाईंना तो दिसला नाही.

घरात माझ्याखेरीज एक स्वयंपाकी होता, जावळी खोऱ्यातला म्हातारा. त्याच्याशी बाई हिंदुस्थानीत बोलायच्या, तेही हुकमापुरतं. चाय लाओ, बत्ती लगाओ. माझ्याशी फक्त इंग्रजी.

त्यांचा सारा दिवस लायब्ररीत जायचा. एवढी पुस्तकं मी आमच्या कॉलेजातही एका खोलीत पाहिली नव्हती. जमिनीपासून आढ्यापर्यंत सागवानी कपाटं, वरच्या खणांसाठी चाकांची शिडी, एका भिंतीत शेकोटी, तिच्यासमोर चामड्याच्या दोन खुर्च्या. पहिल्याच दिवशी मी एक सोनेरी अक्षरांचं पुस्तक ओढायला गेले, तर कपाटच्या कपाट माझ्या अंगावर उघडलं. ते दार होतं. पुस्तकांच्या नुसत्या पाठी त्यावर चिकटवल्या होत्या आणि पलीकडं बाईंची निजायची खोली होती. मी केवढ्यांदा ओरडले ते ऐकून बाई हसल्या. त्या घरातही असंच दार होतं, म्हणाल्या.

'त्या घरा'ची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. बाईंच्या आजोबांचं इंग्लंडमध्ये खेड्यात मोठं घर होतं, भोवती शेतीवाडी. तिथल्या रीतीप्रमाणे सगळं थोरल्या मुलाला गेलं. बाईंचे वडील धाकटे. ते इंजिनियर होऊन इकडं आले, घाटातले रस्ते आणि पूल बांधले. बायको बाळंतपणात गेली, मुलगी तेवढी राहिली. मग त्यांनी इथं डोंगरावर हा बंगला बांधला आणि त्यात आपल्या लहानपणच्या घरातली लायब्ररी आठवून आठवून जशीच्या तशी उभी केली. तिथं ओकचं लाकूड, इथं साग, एवढाच फरक. आठवतील ती पुस्तकं बोटीनं मागवली आणि आठवतील त्या जागी ठेवली.

बाईंना कथा-कादंबऱ्या नको असायच्या. त्या जिल्ह्याचा एक जाडजूड इतिहास तीन भागांत होता, तो त्यांना सारखा हवा असे. कुठल्या ओढ्यावर कुठली गिरणी, कुठली वाट कुठल्या शेतातून चर्चकडं जाते, कुणाच्या कुरणात कुठली झाडं. मला ते वाचताना कंटाळा यायचा. बाई मात्र डोळे मिटून एकेक वाट चालल्यासारखं ऐकायच्या, आणि मी एखादी ओळ गाळली तर थांबवायच्या.

एकदा मी विचारलं, "तुम्ही ते घर शेवटचं कधी पाहिलंत?"

"मी ते कधीच पाहिलं नाही," बाई म्हणाल्या. "माझा जन्म पुण्याचा. वडील दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ. मग ते आजारी पडले. मग तिकडं महायुद्ध सुरू झालं. नंतर न्यायला कुणी राहिलं नाही." आणि त्यांनी मला पुढचं पान वाचायला सांगितलं.

उन्हाळा सरला, हवा खायला आलेले पाहुणे घाट उतरून गेले. आमच्या बंगल्याच्या भिंतींना पावसाच्या माऱ्यासाठी बाहेरून गवताच्या ताट्या बांधल्या गेल्या, आणि आत भर दिवसा दिवा लावायची वेळ आली. तिथला पाऊस पडतो असं म्हणताच येत नाही, तो असतो. धुकं खिडकीच्या फटीतून आत येऊन खुर्च्यांवर बसायचं. मीठ पाणी व्हायचं, काडी पेटायची नाही. पुस्तकांच्या चामड्यावर हिरवी बुरशी धरायची. मी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं एकेक खण पुसायचे, संध्याकाळी तो पुन्हा हिरवा. स्वयंपाकी कोळशाची शेगडी आणून खोलीत ठेवायचा. तिच्याभोवती बाई आणि मी बसून असायचो.

आषाढातल्या एका दुपारी बाईंनी बऱ्याच दिवसांनी त्या इतिहासाचा दुसरा भाग मागितला. डोंगराकडच्या भिंतीच्या कपाटात तो होता. मी हात घालून ओढला, तर पाठ तेवढी हातात आली. मागं ओली माती. शेजारचं पुस्तक ओढलं, तेही तसंच. त्याच्या पलीकडचंही. समोरून सोनेरी अक्षरं जशीच्या तशी, आणि मागं पानांच्या जागी मातीची भोकं, त्यातून पांढरे किडे. ती अख्खी भिंत तशी झाली होती. मी रोज पुसत होते ती नुसती पाठ.

"सापडलं का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

हातातल्या पुठ्ठ्यावरची माती फरशीवर पडली, तिचा आवाज झाला. बाई खुर्चीत ताठ झाल्या.

"वाळवी लागली व्हय?"

हे कोण बोललं म्हणून मी मागं पाहिलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. आमच्या गावच्या एखाद्या म्हातारीनं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

"हो," मी मराठीत म्हणाले. "सगळी भिंत गेली."

"मला हात लावून बघू दे."

मी त्यांना धरून तिथं नेलं. त्यांनी खणात हात घातला, माती चाचपली, मूठभर बाहेर काढली आणि तशीच धरून परत खुर्चीत येऊन बसल्या. रडल्या नाहीत. मूठ मांडीवर ठेवून त्यांनी शेगडीकडं तोंड केलं.

मग त्या बोलायला लागल्या. लहानपणी त्यांना सांभाळायला एक आया होती, आमच्याच भागातली. ती त्यांना कुशीत घेऊन निजायची. बाईंना इंग्रजीच्या आधी तिचीच भाषा आली. "मी समदं तिच्यावानी बोलायची," बाई म्हणाल्या. "मी सात वर्साची व्हते तवा हितं पाव्हणं आलं व्हतं, सायेब लोक. मी त्यांच्यापुढं पुस्तक हातात घिऊन म्हनलं, ह्यातली चित्रं लय ग्वाड हायती. समदं हसलं. बाबा न्हाई हसलं. दुसऱ्या दिवशी आया गेली. परत तिची भाषा बोलायची न्हाई, म्हनलं मला."

"मग तुम्ही बोललाच नाहीत?"

"कुनाशी बोलू?"

त्यांची मराठी सात वर्षांच्या मुलीची होती. तिथंच थांबलेली. मोठ्या माणसांचे शब्द तिच्यात नव्हतेच. स्वयंपाकी चहा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. नंतर स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "ताई, माझं अर्धं आयुष्य हितं गेलं. मला ठावंच न्हवतं."

त्यानंतर बाईंनी मला वाचू दिलं नाही. दुसऱ्या भिंतींवरची पुस्तकं अजून धड होती, पण त्यांचीही नावं त्यांनी काढली नाहीत. "तूच सांग कायतरी," त्या म्हणायच्या. मी गावचं सांगायचे, म्हशींचं, सासूबाईंचं. एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुझा मालक कसा व्हता?"

वर्ष-दीड वर्षात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. ते शेंगा फोडायचे त्या फक्त डाव्या हातानं. झोपेत कूस बदलताना 'जी साब' म्हणायचे. दुसऱ्या रजेत त्यांनी मला पाटाच्या कडेनं सायकल शिकवली, आणि मागं धरलंय म्हणत कधीच सोडून दिली होती. हे सांगता सांगता मला पहिल्यांदा मोकळं रडू आलं. बाईंनी मला उगी केलं नाही. माझं रडणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "मग? पडलीस का न्हाई?"

"पडले," मी म्हणाले.

श्रावणात त्यांना ताप भरला. डॉक्टर येऊन गेले, छातीत पाणी झालंय म्हणाले. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, खाली न्यायची सोय नव्हती. तापात त्या इंग्रजी पार विसरल्या. कुणाला तरी दार लावायला सांगत होत्या, पाऊस आत येतोय म्हणत होत्या. एका सकाळी मी पेज घेऊन गेले, तेव्हा त्या गेलेल्या होत्या.

पाचगणीच्या पाद्रीबाबांना दरडीमुळं येता आलं नाही. पोस्टमास्तर, दोन दुकानदार, स्वयंपाकी आणि त्याचे भाऊबंद एवढीच माणसं. खणलेल्या खड्ड्यात पाणी साठत होतं, ते बादल्यांनी उपसत होते, की पुन्हा भरत होतं. शेवटी पेटी तशीच खाली सोडली. प्रार्थना म्हणायला कुणीतरी हवं म्हणून त्यांच्या उशाचं प्रार्थनेचं पुस्तक मीच घेऊन गेले आणि छत्रीखाली उभं राहून वाचलं. पोस्टमास्तर सोडले तर कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसावं. तरी सगळे हात जोडून उभे होते.

स्वयंपाक्यानं मला थांबायला सांगितलं, म्हणून मी थंडीपर्यंत राहिले. मग इंग्लंडहून बाईंच्या चुलत घराण्यातला एक पुतण्या आला. सभ्य, थकलेला माणूस. जमीन सरकारी भाडेपट्ट्याची होती, त्याचं त्यानं निस्तरलं. मी त्याला लायब्ररी दाखवली आणि हे हुबेहूब तुमच्या जुन्या घरासारखं आहे ना, असं विचारलं.

तो खोलीच्या मधोमध उभा राहिला, आढ्याकडं पाहिलं, शिडी हलवून पाहिली.

"ते घर आता नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैनिक ठेवले होते, नंतर पाडलं," तो म्हणाला. "पण ती खोली मला चांगली आठवते. याच्या निम्मीही नव्हती. चार कपाटं आणि एक टेबल. आजोबा तिथे बसून खंडकऱ्यांशी भांडायचे."

"आणि हे पुस्तकांचं दार?"

"असं दार तिथे नव्हतं."

बाईंचे वडील खोटं बोलले असतील असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. लहानपणी पाहिलेली खोली त्यांच्या मनात वाढत गेली असेल. पण बाई हे ऐकायला नव्हत्या, याचं मला बरं वाटलं.

पुतण्यानं दोनच पुस्तकं घेतली. धड होती ती मी सांगलीला माझ्या जुन्या कॉलेजला देववली. वाळवीनं खाल्लेली स्वयंपाक्यानं परसात पेटवली, पण ती ओली असल्यामुळं नीट जळेनात. बरेच दिवस नुसती धुमसत होती.

मी सासरी परत आले. आता मला बोलता येत होतं. एका दुपारी मामंजी सोप्यात पान लावत होते. मी त्यांना विचारलं, "मामंजी, हे लहानपणी कसे होते?"

मामंजींनी पान तसंच ठेवलं, पायताण घातलं आणि रानाकडं निघून गेले. सासूबाई सुपात जोंधळे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नगं काढू ते नाव," म्हणाल्या. "त्यास्नी सोसत न्हाई."

"आणि तुम्हाला?"

त्या खडे वेचत राहिल्या.

पुढच्या जूनमध्ये मला कडेगावला शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली. पोचवायला मामंजीच आले. खोलीत माझं सामान ठेवून झाल्यावर आम्ही स्टँडवर त्यांच्या परतीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. ते छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत होते.

"लहानपणी लय खोडकर व्हतं त्ये," ते एकदम म्हणाले.

मी पुढचं ऐकायला थांबले. त्यांनी मातीतल्या रेघा पायताणानं पुसल्या. मग गाडी लागली, ते उठले, आणि आतून खिडकीपाशी बसून मला हातानंच जा म्हणाले. दोनेक वर्षांनी ते गेले. मुलाबद्दल मला ते बोलले ते तेवढं एक वाक्य.