मामांचं टूरबियाँ

एकच काम महिनोन् महिने चाललं की कामापेक्षा त्याच्या गोष्टीच जास्त होतात. कर्जतला रुळांलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही एक घड्याळ बनवायला घेतलं. आता पाहुणा आला की चहा संपतो, गोष्टी संपत नाहीत!

माणसं तीन. मामा, म्हणजे आमचे मालक. खोपोलीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची उमर गेली. कडावची सुरेखा, पॉलिशमध्ये तिचा हात धरणारं कोणी नाही. आणि लेथवर मी.

*

पुण्याचे एक डॉक्टर फोटोंचा गठ्ठा घेऊन आले. जुन्या काळी परदेशात एका राजासाठी बनवलेलं, सोन्याच्या कव्हरचं, खिशातलं घड्याळ. त्यात टूरबियाँ. म्हणजे घड्याळाचं काळीज, ते टिकटिक करणारं चाक, एका इवल्याशा पिंजऱ्यात बसवतात आणि तो पिंजराच मिनिटाला एक गिरकी घेतो. खिशात उभं राहून घड्याळाची वेळ मागेपुढे होऊ नये म्हणून हा खटाटोप. डॉक्टरांना हुबेहूब तसंच नवं हवं होतं, आणि चालणारं!

मामांनी पहिला प्रश्न विचारला, "मूळ घड्याळ दिवसाला किती मागं पडतं?"

"ते बंदच असतं मामा. म्युझियमवाले चावी देत नाहीत."

"मंग काय! आपलं पयल्याच दिवशी त्याच्या पुढं!"

काम घेतलं. अट मामांनीच घातली, आतला एकही पार्ट बाहेरून आणायचा नाही. डॉक्टर तेव्हा खूश होऊन गेले.

*

घड्याळ खिशात कसं राहतं ते आधी बघायला पाहिजे, असं मामांच्या मनाने घेतलं. मी तेवढ्याच वजनाची पितळी चकती करून दिली. मामा टेलरकडे गेले आणि छोट्या खिशाचं जाकीट शिवायला टाकलं.

टेलर म्हणाला, "मामा, कोनाचं लगीन?"

"लगीन नाय रं, टेस्टिंग हाय!"

ते जाकीट बनियनवर चढवून मामा शेतावर जायचे. साखळी पोटावर लोंबतेय, खाली लुंगी! एकदा बांधावर शेजाऱ्याने हाक मारली, "मामा, किती वाजलं?"

मामांनी ऐटीत चकती काढली. तिला ना काटे, ना आकडे. नीट निरखून परत खिशात ठेवली.

"अजून टाइम हाय!"

शेजारी पुन्हा भात कापायला लागला.

*

एकदा पिंजऱ्याचा स्क्रू चिमट्यातून उडाला. खसखशीएवढा! मी भिंग लावून फरशीवर आडवा. सुरेखाने मला बाजूला केलं, सगळी शेड झाडली, तो केर सुपात घेतला आणि दारात बसून चक्क पाखडायला लागली. फुफाटा पुढे, जड माल मागे. मागच्या महिन्यात हरवलेले दोन स्क्रू निघाले, एक पिन निघाली. हवा तो स्क्रू काही निघेना.

मामा कौतुकाने सुपावर वाकले.

सुरेखा ओरडली, "मामा, हालू नका! तुमच्या मिशीत हाय तो!"

मामा तसेच वाकून राहिले. मी चिमटा घेऊन पुढे झालो. इतकी नाजूक असेंब्ली मी पुन्हा केलेली नाही!

*

मग वाईट दिवस आले. पिंजरा घड्याळात बसवला की अडकायचा. एक वाकला. दुसरा तुटला. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत, आणि आम्हाला त्यांच्याकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी आलो तर तुटलेला पिंजरा गणपतीच्या फोटोपुढे ठेवलेला.

सुरेखा म्हणाली, "मामा, देवाला मोडकं वाहत्यात काय?"

"वाहत नाय गं, दाखवतोय. त्याला कळू दे, आमी थांबलो नाय ते!"

आणि दोन दिवस लेथवर झाकलेलं कापड मामांनी स्वतःच्या हाताने काढलं.

*

डॉक्टरांचाही धीर सुटत चालला होता. ते म्हणाले, "मामा, पिंजरा तेवढा परदेशातून मागवतो. कुणाला कळणार आहे?"

"डॉक्टर, पोरगं आपलं म्हनायचं अन् काळीज शेजाऱ्याचं?"

डॉक्टर हसले, पण हटले नाहीत. शेवटी ठरलं, रविवारी ते येणार. आमचा पिंजरा फिरला तर फिरला, नाहीतर तिथल्या तिथे परदेशी ऑर्डर. मामांनी मान डोलावली.

*

आता रविवारचं ऐका. कर्जतला घाट चढायला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावतात. ती जोर धरून निघाली की आमचं टेबल थरथरतं. त्यामुळे आम्हाला सवयच लागलेली. भोंगा वाजला की जो तो चिमटा वर करतो, हात हवेत धरतो आणि शेवटचं इंजिन जाईपर्यंत श्वास रोखतो. कोणाला सांगावं लागत नाही. गाडी गेली की पुन्हा काम सुरू.

डॉक्टर चहाचा कप घेऊन स्टुलावर बसले होते. मामांनी शेवटचा स्क्रू बसवला. चावी दिली.

काही नाही.

मामांनी घड्याळ तळहातावर घेऊन अलगद कलतं केलं. पिंजरा किंचित सरकला. थांबला. आणि मग निघाला! टिकटिक इतकी बारीक, की ऐकायला आम्ही तिघेही टेबलावर वाकलो. मामांनी घड्याळ हळूच खाली ठेवलं.

तेवढ्यात भोंगा झाला.

तिघांचे हात वर! आमचं बघून डॉक्टरांनीही कपासकट हात वर केले. मालगाडी धडधडत निघाली, पत्रे वाजायला लागले, टेबल थरथरायला लागलं, कपातला चहा डॉक्टरांच्या बाहीवर सांडला. कोणी हललं नाही.

पिंजरा फिरतच होता.

मामांचे हात हवेत, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. पाणी गालावरून मिशीत उतरत होतं. तसेच घड्याळाकडे बघून ते ओरडले,

"अरं, थांब ना जरा! गाडी जाऊ दे की!"