दिवेआगरला राहिलेला लॅपटॉप

मंगळवारी दुपारी विनायक गेला. मला ते फोनवर कळलं, आणि तो फोन मीच केला होता.

नवी मुंबईत रुग्णालयांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. मी त्याचा वरिष्ठ. मुख्य सर्व्हर बंद पडला तर नागपूरच्या सर्व्हरने लगेच काम उचलावं, एकाही रुग्णाचं काही अडू नये, ही सगळी आखणी विनायकची. दिवेआगरला त्याच्या वाडीत गेलो होतो, तेव्हा जुन्या पोफळींच्या सावलीत लावलेली रोपं दाखवत तो म्हणाला होता, "जुनं झाड उभं आहे तोवरच लावायचं, सर. वादळात पडल्यावर लावलं तर मधली वर्षं कोण भरून देणार?" मग जेवायला बसलो, तर ऑफिसचे फोन सुरूच. त्याची आई वाढता वाढता मला म्हणाली, "तुमच्या हापिसात ह्याच्या जागी दुसरा कोन न्हाय काय वो? घास गिळू देत न्हाईत!" मी हसून म्हणालो, "आई, याच्यासारखा दुसरा मिळतच नाही." मला ते कौतुक वाटलं होतं. विनायक पान तसंच टाकून फोन घ्यायला उठला... पुढे तो म्हणायचा, "एक दिवस मी नाहीच असं धरून सराव करू. माझा फोन बंद." मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात बघू.

त्या मंगळवारी तो रजेवर, गावी होता. मुख्य सर्व्हर अडला, नागपूरचा काम उचलेना, रुग्णालयांचे फोन येऊ लागले. सवयीने मी त्यालाच फोन लावला. वहिनींनी उचलला. "ते गेले हो... आत्ताच. डॉक्टर इथंच आहेत." आणि माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, त्याचा लॅपटॉप घरी आहे का?" मागे कुणीतरी रडत होतं. त्या म्हणाल्या, "आहे. चार्जिंगला लावून ठेवू का?"

मी हो म्हणालो.

लॅपटॉपची गरज लागलीच नाही. आमच्या ऑफिसातल्या स्नेहाने संध्याकाळच्या आत नागपूरचा सर्व्हर उभा केला. "डबा खाताना विनायकदादा शिकवायचे," ती मान खाली घालून म्हणाली. "म्हणायचे, सरांना वेळ नाही, आपण तरी करून बघू."

काही आठवड्यांनी दिवेआगरला गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. वहिनींनी चहा दिला, मी चहा प्यायलो आणि उठलो. आतल्या खोलीत टेबलावर लॅपटॉप आहे. चार्जर अजून लावलेला आहे.