सोजराबाईंचा डोळा आणि जांभळाचा पाला

मोशीतलं शेत गेलं, तिथे इमारती आल्या. पण बांधावरचं जांभूळ सोजराबाईंनी कुणाला तोडू दिलं नाही. बिल्डरशी त्या अशा भांडल्या, की शेवटी बिचाऱ्याने कुंपणच वाकडं घेतलं.

अलीकडे या झाडाचा मान आणखी वाढला होता. ताथवड्याच्या फार्मसी कॉलेजातली तनुजा दर आठवड्याला पाला न्यायला यायची. साखरेच्या आजाराने डोळ्याचा पडदा खराब होतो, त्यावर या पाल्याचा अर्क चालेल का, याचा तिचा अभ्यास चालला होता.

सोजराबाईंनाही साखर होती. पडद्यासाठी डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं सांगितली होती, पण नुसत्या कल्पनेनेच त्यांच्या अंगावर काटा यायचा. त्यात कॉलेजची पोरगी एवढ्या लांबून पाल्यासाठी येते म्हटल्यावर त्यात गुण असणारच, असं त्या धरून चालल्या. इंजेक्शनं राहिली बाजूला आणि गुपचूप पाल्याचा काढा सुरू झाला. धुरकट दिसायचं ते त्यांनी वयावर ढकललं.

पाला त्या स्वतः निवडून द्यायच्या. एक किडकं पान पिशवीत जायचं नाही, याचा त्यांना भारी तोरा. त्या दिवशी मात्र तनुजाने पिशवी उघडून पाला हातावर घेतला. निम्मी पानं भोकं पडलेली, जाळी धरलेली.

“आजी, ही दिसली नाहीत तुम्हाला?”

“चांगली तर हायेत की!”

तिने खोदून खोदून विचारलं, तेव्हा काढ्याची गोष्ट बाहेर आली. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, आम्ही अजून प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर तपासतोय. माणसाला चालेल की नाही हे कळायलाच कैक वर्षं जातील.”

सोजराबाई भडकल्या. “दर खेपेला इचारत हुते, गुण येतोय का? तू म्हणायचीस, चांगला येतोय. बशीला येतोय, आसं का न्हाई बोललीस?”

तनुजाने रिक्षा बोलावली आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणं कठीण. डावा वाचवता येईल, पण आता टाळाटाळ नको. बाहेर बाकावर तनुजाला रडू आवरेना. सोजराबाईंनी तिचा हात धरला.

“तुझं रडं दिसतंय मला डाव्या डोळ्यानं. म्हंजी हाय अजून. जा, सुईला कधी यायचं ते इचारून ये.”