काकूंचा रिकामा डबा

लसणीच्या चटणीचा वास आला की दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधला तो शुक्रवार आठवतो. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार, हे टीव्हीवर चालू होतं. रमजान असल्यामुळे खाली रस्ता सुनसान, आणि समोरच्या फ्लॅटमधले काका-काकू नेहमीसारखे काकूंच्या लसणीच्या चटणीचा डबा घेऊन आमच्याकडे थालीपीठ खायला आलेले. काका मूळचे पुण्याचे, पण ब्रिटिश पासपोर्टवाले. “मी पोस्टाने मत दिलं, बाहेर पडायच्या बाजूने,” ते सहज म्हणाले. “कुणीही उठून यायचं, ते आता खलास.” माझ्या नवऱ्याने हातातला घास खाली ठेवला. “काका, माझी बहीण तिथेच राहते. तिचा नवरा गोव्याचा, त्याच्या पोर्तुगीज, म्हणजे युरोपियन युनियनच्या पासपोर्टवर. तुम्हाला माहीत होतं.” “अरे, तिच्यासाठी नव्हतं ते.” “मग कुणासाठी होतं?” काका उठले. काकूंचा चहा तसाच राहिला. संध्याकाळी वॉचमनने त्यांच्याकडे राहिलेला आमचा डबा आणून दिला, लख्ख घासलेला आणि रिकामा. काकूंनी डबा कधीच रिकामा पाठवला नव्हता; काही नसलं तर चिमूटभर साखर असायची. पुढे ते कायमचे लंडनला गेले. नणंदेचंही तिथे सगळं नीट झालं. काकूंचा चटणीचा डबा मात्र माझ्याकडेच राहिला. मी केलेली चटणी संपली की त्यात चिमूटभर साखर घालून ठेवते, आणि संध्याकाळी बेल वाजली की दाराआधी त्या डब्याकडे बघते.